सेनानायकापासून पदवीपर्यंत : मध्ययुगीन जर्मन ड्यूकांची चरित्रे

युरोपचा इतिहास शिकविताना 'ड्यूक' हा शब्द आला की विद्यार्थी हमखास विचारतात, "ड्यूक म्हणजे राजाच ना?" उत्तर 'नाही' असे देता येते, परंतु मग ड्यूक म्हणजे कोण, हे एका वाक्यात सांगता येत नाही. राजा, सरदार, सुभेदार, जहागीरदार यांपैकी कोणताही मराठी शब्द त्याला पुरता लागू पडत नाही. याचे कारण असे की ही पदवी सहाशे वर्षांत अनेकदा बदलली. प्रारंभी ते एक काम होते. पुढे तो अधिकार झाला, मग वारसा झाला आणि अखेरीस केवळ नावापुढचे बिरुद उरले. हा प्रवास मध्ययुगीन जर्मनीत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसतो. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे काही जर्मन ड्यूकांची चरित्रे ठेवून आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर शोधू इच्छितो. पदवी माणसाला मोठे करते की माणूस पदवीला, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

शब्दाचा अर्थ

जर्मन भाषेत ड्यूकला 'हेर्त्सोग' म्हणतात. हा जोडशब्द आहे. जुन्या जर्मन भाषेतील 'हेरि' म्हणजे सैन्य, आणि त्याच्या उत्तरपदाचा धातू 'ओढणे, पुढे नेणे' या अर्थाचा. जो सैन्याला पुढे नेतो तो हेर्त्सोग. लॅटिनमधील 'डुक्स' हा शब्दही 'नेणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला असून इंग्रजीतील 'ड्यूक' त्याचाच वंशज आहे. आपल्याकडील 'सेनानी' या संस्कृत शब्दाची घडण नेमकी अशीच आहे : सेना आणि 'नी' हा नेण्याचा धातू. म्हणजे मुळात ही पदवी नव्हे, जबाबदारीचे वर्णन होते. जो पुढे चालतो आणि ज्याच्यामागे लोक चालतात, तो हेर्त्सोग.

नवव्या शतकाच्या अखेरीस कॅरोलिंजियन राजघराणे दुबळे झाले. पूर्वेकडून मग्यार घोडेस्वारांच्या धाडी पडू लागल्या आणि दूर असलेला राजा वेळेवर धावून येईना. अशा वेळी ज्या त्या प्रदेशातील समर्थ सरदारांनी संरक्षणाची धुरा उचलली. सॅक्सनी, फ्रँकोनिया, बव्हेरिया, स्वाबिया आणि लोथारिंगिया अशी पाच मोठी ड्यूकराज्ये यातून आकाराला आली. ९११ साली कॅरोलिंजियन घराण्याची पूर्वेकडील शाखा संपली, तेव्हा फ्रँकोनियाच्या कॉनराडला राजा निवडण्यात आले. ९१९ साली सॅक्सनीचा ड्यूक हेन्री राजा झाला. राजा ड्यूकांतूनच निवडला गेल्यामुळे इतर ड्यूक त्याला आपल्या बरोबरीचा मानत. पुढील सर्व संघर्षाचे बीज येथे आहे.

राजाच्या पंगतीतील वाढपी

९३६ साली हेन्रीचा पुत्र ओटो याचा राज्याभिषेक आखेन येथे झाला. त्या प्रसंगाचे वर्णन कोर्वाइ मठातील विडुकिंड या सॅक्सन इतिहासकाराने केले आहे. अभिषेकानंतरच्या मेजवानीत लोथारिंगियाच्या गिझेलबर्टने सर्व व्यवस्था पाहिली, फ्रँकोनियाच्या एबरहार्डने भोजनाची, स्वाबियाच्या हर्मानने मद्यवाढप्यांची, तर बव्हेरियाच्या अर्नुल्फने घोड्यांची व तळाची. आपापल्या प्रदेशात राजासारखे वावरणारे चार पुरुष त्या दिवशी राजाच्या घरचे सेवक झाले. हा अपमान नव्हता, सन्मानच होता. परंतु त्यातून ओटोला जे सांगावयाचे होते ते स्पष्ट होते. ड्यूकपद हे राजाच्या सेवेतील पद आहे, स्वतंत्र राज्य नव्हे.

हे सर्वांना पटले असे नाही. पुढच्याच वर्षी अर्नुल्फ वारला. त्याच्या मुलाने राजाची अधिसत्ता मानण्यास नकार दिला, तेव्हा ९३८ साली ओटोने त्याला पदच्युत केले. ९३९ साली एबरहार्ड आणि गिझेलबर्ट यांनी बंड केले. ऱ्हाइन नदीकाठी आंडरनाख येथे एबरहार्ड लढाईत मारला गेला आणि गिझेलबर्ट नदीत बुडून मेला. फ्रँकोनियाला ओटोने नवा ड्यूक नेमलाच नाही. तो प्रदेश त्याने स्वतःच्या हाती ठेवला.

या काळातील एक चरित्र आम्हांस विशेष बोलके वाटते. 'तांबडा' या नावाने ओळखला जाणारा कॉनराड हा लोथारिंगियाचा ड्यूक आणि ओटोचा जावई. त्याने ९५३ साली सासऱ्याविरुद्ध बंड केले आणि त्यापायी पद गमावले. दोनच वर्षांनी, ९५५ च्या ऑगस्ट महिन्यात, मग्यारांचे मोठे सैन्य आउग्सबुर्गजवळ लेख नदीच्या मैदानात उतरले. कॉनराड ओटोच्या बाजूने लढावयास आला. आता तो ड्यूक नव्हता; पण सैनिक त्याच्या येण्याने उत्साहित झाले, असे विडुकिंड लिहितो. लढाई जिंकली गेली. उन्हाने आणि श्रमाने तापलेल्या कॉनराडने श्वास घेण्यासाठी चिलखताचे बंद सैल केले, त्याच क्षणी एक बाण त्याच्या गळ्यात शिरला. हेर्त्सोग या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला, तर पद गेल्यानंतरच तो खऱ्या अर्थाने हेर्त्सोग ठरला, असे म्हणावे लागते.

एर्न्स्ट : पदवी की मित्र?

या कॉनराडचा पणतू पुढे सम्राट झाला. तो दुसरा कॉनराड. त्याची पत्नी गिझेला हिला आधीच्या विवाहापासून एर्न्स्ट नावाचा मुलगा होता. वडील शिकारीत अपघाताने मारले गेल्याने तो १०१५ साली बालवयातच स्वाबियाचा ड्यूक झाला होता. म्हणजे एव्हाना ड्यूकपद इतके वारशाचे झाले होते की सैन्य चालविणे सोडाच, घोड्यावर नीट बसूही न शकणाऱ्या मुलाला ते मिळू शकत होते.

एर्न्स्ट मोठा झाला आणि सावत्र पित्याविरुद्ध उठला. आईच्या रदबदलीमुळे एकदा क्षमा मिळाली. तो पुन्हा उठला. १०२७ साली त्याने आपल्या सरदारांना उल्म येथे जमवून निष्ठेच्या शपथेची आठवण दिली. तेव्हा सरदारांनी जे उत्तर दिले ते विपो या समकालीन चरित्रकाराने नोंदविले आहे. त्याचा आशय असा : आम्ही तुमच्याशी निष्ठेने वागण्याची शपथ घेतली आहे, परंतु ज्याने आम्हांला तुमच्या हाती सोपविले त्या राजाविरुद्ध नव्हे. आम्ही राजाचे दास असतो आणि त्याने आम्हांला तुम्हांला देऊन टाकले असते, तर गोष्ट वेगळी होती. आम्ही स्वतंत्र माणसे आहोत, आणि राजा हा आमच्या स्वातंत्र्याचा सर्वोच्च रक्षक आहे. त्याला सोडले तर आमचे स्वातंत्र्यच जाईल.

हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर पुन्हा वाचण्यासारखे आहे. अर्थात हे बोलणारे सरदार होते. त्यांच्या शेतावर राबणाऱ्या कुळांना असे बोलण्याची सोय नव्हती. तरीही माणूस हा पदवीबरोबर हस्तांतरित होणारी मालमत्ता नाही, एवढा विचार त्यात नक्कीच आहे. एर्न्स्ट एकटा पडला, शरण आला आणि कैदेत गेला.

१०३० साली ईस्टरच्या वेळी सम्राटाने त्याला ड्यूकपद परत देऊ केले. अट एकच होती : किबुर्गचा वेर्नर हा राज्याचा शत्रू आहे, त्याचा पाठलाग करून त्याला पकडण्याची शपथ घ्यावी. वेर्नर हा एर्न्स्टचा मित्र, बंडातील साथीदार. एर्न्स्टने नकार दिला. त्याला राज्याचा शत्रू घोषित करण्यात आले, चर्चनेही बहिष्कृत केले. मोजक्या सोबत्यांसह तो काळ्या अरण्याच्या डोंगरात शिरला आणि १७ ऑगस्ट १०३० रोजी चकमकीत मारला गेला. वेर्नरही त्याच दिवशी पडला.

एर्न्स्टचे बंड न्याय्य होते असे आम्ही म्हणणार नाही. त्याने प्रदेशाला अशांततेशिवाय फारसे काही दिले नाही. परंतु पदवी आणि मित्र यांतून निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्याने जे निवडले, ते लोकांनी लक्षात ठेवले. पुढील शतकात 'हेर्त्सोग एर्न्स्ट' या नावाचे काव्य रचले गेले. त्यात तो पूर्वेकडील अद्भुत देशांत फिरतो आणि क्रौंचमुखी माणसांशी लढतो. इतिहासातील एर्न्स्टने ही सफर कधी केली नाही. लोकांनी ती त्याला बहाल केली.

हेन्री 'सिंह' : दोन ड्यूकपदे आणि एक न्यायनिवाडा

मध्ययुगीन जर्मनीतील सर्वांत प्रसिद्ध ड्यूक म्हणजे वेल्फ घराण्यातील हेन्री, ज्याला 'सिंह' म्हणत. त्याचा जन्म ११३० च्या आसपासचा. त्याच्या वडिलांकडे बव्हेरिया व सॅक्सनी ही दोन्ही ड्यूकपदे होती. परंतु ११३८ च्या राजनिवडणुकीत ते हरले आणि नव्या राजाने दोन्ही पदे काढून घेतली. पुढच्याच वर्षी ते वारले. हेन्रीला ११४२ साली सॅक्सनी परत मिळाले. बव्हेरिया मिळाले ते ११५६ साली, त्याचा आतेभाऊ फ्रेडरिक बार्बारोसा सम्राट झाल्यावर.

बव्हेरिया हेन्रीला द्यावयाचे तर तेथे आधीच असलेल्या ड्यूकचे काय करावयाचे? बार्बारोसाने तोडगा काढला. बव्हेरियाचा पूर्वेकडील सीमाप्रांत ऑस्ट्रिया वेगळा काढून त्यालाच नवे ड्यूकराज्य केले आणि ते त्या ड्यूकला व त्याची पत्नी थिओडोरा हिला मिळून दिले. १७ सप्टेंबर ११५६ च्या त्या सनदेनुसार हे पद मुलींकडेही वारशाने जाऊ शकत होते. ऑस्ट्रियाची पुढची कहाणी येथून सुरू होते. तिच्याकडे आपण परत येऊ.

हेन्रीचे कर्तृत्व मोठे होते. साल्झबुर्गकडून येणारे मीठ फ्रायझिंगच्या बिशपच्या पुलावरून जाई आणि जकात बिशपला मिळे. हेन्रीने तो पूल पाडला आणि थोड्या अंतरावर इजार नदीवर स्वतःचा पूल व बाजार वसविला. ११५८ साली सम्राटाने त्या बाजाराला मान्यता देऊन उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला ठरवून दिला. तो बाजार म्हणजे आजचे म्युनिक शहर. ११५९ साली त्याने बाल्टिक किनाऱ्यावर ल्युबेकची पुनःस्थापना केली. ब्राउनश्वाइग येथील वाड्यासमोर त्याने ब्राँझचा सिंह उभारला, तोही ११६६ च्या सुमारास. ११६८ साली इंग्लंडच्या राजाची कन्या मॅटिल्डा त्याची पत्नी झाली. उभयतांसाठी लिहिलेल्या सचित्र धर्मग्रंथात स्वर्गातून आलेले हात त्यांच्या मस्तकी मुकुट ठेवीत आहेत. १९८३ साली लंडनच्या लिलावात या ग्रंथाला ८१ लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एल्ब नदीपलीकडे स्लाव्ह जमाती राहत होत्या. हेन्रीच्या मोहिमांत त्यांच्या वस्त्या उजाड झाल्या. ओबोड्राइट जमातीचा प्रमुख निक्लोट ११६० साली मारला गेला. त्याच्या मुलाला वडिलांच्या मुलखाचा मोठा भाग ११६७ साली परत मिळाला, तो हेन्रीची अधिसत्ता मान्य केल्यावरच. शेजारचे सॅक्सन सरदार आणि बिशपही हेन्रीच्या दांडगाईने त्रस्त होते. सम्राट पाठीशी असेतोवर त्यांच्या तक्रारींना कोणी विचारले नाही.

मग वारा फिरला. ११७६ च्या प्रारंभी इटलीतील मोहिमेसाठी बार्बारोसाला सैन्य हवे होते. आल्प्सच्या पायथ्याशी कियावेन्ना येथे त्याने हेन्रीकडे मदत मागितली. सम्राटाने भावापुढे गुडघे टेकले असेही नंतरच्या काही इतिवृत्तकारांनी लिहिले आहे. हेन्रीने मोबदल्यात चांदीच्या खाणींचे गोस्लार शहर मागितले आणि ते मिळाले नाही तेव्हा मदत नाकारली. त्याच वर्षी मे महिन्यात लेन्यानोच्या लढाईत सम्राटाचा पराभव झाला.

आता सरदारांच्या तक्रारी ऐकल्या जाऊ लागल्या. हेन्रीला दरबारात हजर राहण्यासाठी वारंवार बोलावणे गेले. तो आला नाही. ११८० च्या जानेवारीत वुर्झबुर्ग येथे निवाडा होऊन त्याची दोन्ही ड्यूकपदे गेली. १३ एप्रिलच्या गेल्नहाउझेन येथील सनदेने सॅक्सनीचे दोन तुकडे झाले. पश्चिमेचा भाग वेस्टफालियाचे ड्यूकपद म्हणून कोलोनच्या आर्चबिशपला गेला आणि पूर्वेचा आनहाल्टच्या बेर्नहार्डला. बव्हेरिया ऑटो ऑफ विटेल्सबाख याला मिळाले. त्या घराण्याने तेथे १९१८ पर्यंत राज्य केले. ११८१ च्या नोव्हेंबरात एर्फुर्ट येथे हेन्री शरण आला आणि पुढच्या वर्षी सासऱ्याकडे परागंदा झाला.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. सम्राटाने काढून घेतली ती पदे आणि जहागिरी. ब्राउनश्वाइग व ल्युनेबुर्ग भागातील वडिलोपार्जित खासगी जमीन हेन्रीकडेच राहिली. दिलेले परत घेता येते, स्वतःचे घेता येत नाही, असा तो भेद होता. तेथेच, ब्राउनश्वाइगमध्ये, ६ ऑगस्ट ११९५ रोजी तो वारला. १२३५ साली त्याच खासगी जमिनीचे नवे ड्यूकराज्य करून सम्राटाने हेन्रीच्या नातवाला दिले. या शाखेतील हॅनोव्हरचा राजपुत्र जॉर्ज १७१४ साली ब्रिटनचा राजा झाला. १८७७ साली दिल्ली दरबारात जिच्या नावे हिंदुस्थानच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरली ती व्हिक्टोरिया राणी याच घराण्यातली. म्हणजे आपले आजेपणजे ज्या राणीच्या छापाचा रुपया वापरीत होते, तिचे कूळ त्या पदच्युत ड्यूकपर्यंत पोहोचते.

रुडोल्फ : खोट्या सनदेवरची पदवी

आता ऑस्ट्रियाकडे वळू. चौदाव्या शतकात हे ड्यूकपद हाब्सबुर्ग घराण्याकडे होते. १३५६ साली सम्राट चौथ्या चार्ल्सने 'सुवर्णमुद्रांकित सनद' काढून राजा निवडण्याचा अधिकार सात जणांपुरता निश्चित केला : तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलॅटिन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मारग्रेव्ह. ऑस्ट्रियाचे नाव त्यात नव्हते. १३५८ साली चौथा रुडोल्फ ड्यूक झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि सम्राटाचा जावईही होता. हे वगळले जाणे त्याला झोंबले.

त्याने पाच जुन्या सनदा 'शोधून' काढल्या. त्या सर्व त्याच्याच कार्यालयात तयार झाल्या होत्या. त्यांपैकी एकीत ज्युलियस सीझर आणि नीरो यांनी ऑस्ट्रियाला विशेष अधिकार दिल्याची पत्रे घातलेली होती. ११५६ ची खरी सनद फुगवून तिच्यातही नवे मान घुसडले गेले. या आधारावर रुडोल्फ स्वतःला 'आर्चड्यूक' म्हणवू लागला. सर्वसाधारण ड्यूकांहून श्रेष्ठ, असा या नव्या पदवीचा अर्थ.

सम्राटाने ही कागदपत्रे इटालियन कवी व पंडित पेट्रार्क याच्याकडे अभिप्रायासाठी पाठविली. १३६१ साली पेट्रार्कने उत्तर दिले. सीझरच्या त्या पत्रात तो स्वतःला 'आम्ही' म्हणतो. खरा सीझर आपल्या पत्रांत 'मी' लिहीत असे. त्यात तो स्वतःला 'ऑगस्टस' म्हणवितो. ते बिरुद तर त्याच्या वारसापासून सुरू झाले. केवळ भाषा नीट वाचून पेट्रार्कने लबाडी उघडी पाडली. विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे की कागदावर मोहोर आहे म्हणून तो खरा ठरत नाही. तो कोणी, कधी, कोणत्या भाषेत लिहिला, हे विचारणाऱ्या वाचकापुढेच तो खरा ठरतो.

तरीही गोष्ट येथे संपत नाही. १४५३ साली हाब्सबुर्ग घराण्यातीलच सम्राट तिसरा फ्रेडरिक याने त्या खोट्या सनदांना मान्यता दिली आणि आर्चड्यूक ही पदवी कायदेशीर झाली. सत्ता हाती असली की असत्यालाही कायद्याचा पोशाख चढविता येतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल. सनदांचे बनावटपण पुराव्यानिशी सिद्ध करण्याचे काम एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनी केले.

रुडोल्फला मात्र केवळ लबाड म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. त्याने १३६५ साली व्हिएन्ना विद्यापीठाची स्थापना केली. त्याच वर्षी जुलै महिन्यात मिलान येथे तो वारला. वय अवघे पंचवीस. त्याने मिळविलेल्या पदवीला आज ऑस्ट्रियात कायद्याने स्थान नाही. त्याने स्थापलेल्या विद्यापीठात आजही विद्यार्थी शिकत आहेत.

पदव्यांचा शेवट

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील ड्यूकांची राज्ये गेली. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने जन्माधारित विशेषाधिकार रद्द केले. जुनी बिरुदे केवळ आडनावाचा भाग म्हणून उरली आणि नवी देण्यास मनाई झाली. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी कायदा करून सरदारी पदव्या नावातूनही काढून टाकल्या. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ नेही लष्करी वा शैक्षणिक स्वरूपाच्या सन्मानांखेरीज अन्य किताब राज्याने देऊ नयेत असे ठरविले आहे. शिकून मिळविलेली आणि सेवेने कमावलेली पदवी तेवढी राहिली. जन्माने मिळणारी गेली. सेनानायकाच्या कामापासून सुरू झालेला हा शब्दाचा प्रवास असा पुन्हा कामापाशीच येऊन थांबतो.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ड्यूक म्हणजे राजा नव्हे. ड्यूक म्हणजे ज्याच्यामागे माणसे चालत आली असा पुढारी. आणि माणसे मागे यावयाची थांबली की हाती केवळ शब्द उरत असे. उल्मच्या सभेत एर्न्स्टला हे कळले, एर्फुर्टला हेन्रीला कळले. तांबड्या कॉनराडला ते कळले तेव्हा त्याने पदवीची वाट न पाहता पुढे चालावयास सुरुवात केली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज नावापुढे पदव्या लावतात, आणि त्या त्यांनी कष्टाने मिळविल्या आहेत. त्यांना आणि आज वर्गात बसलेल्या त्यांच्या धाकट्या भावंडांना या चरित्रांतून एकच प्रश्न सोबत द्यावासा वाटतो : ही पदवी उद्या कोणी काढून घेतली, तर आपल्यापाशी काय उरेल?